शब्द मागे द्यायचा

१

सॅक भरायची ताईची एक पद्धत होती, आणि ब्रह्मदेव आला असता तरी ती बदलली नसती. झोपायची पिशवी तळाला, जड सामान पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यात वर, आणि बाहेरून काहीही लोंबकळता कामा नये. लोंबकळणारा चहाचा मग दिसला की म्हणायची, "भांड्यांचं दुकान काढलंयस का?" इतक्या आठवड्यांच्या चालीत बारकीनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की ती सकाळी मुद्दामच मग बाहेर लटकवायची. ताईला करवादायला काहीतरी मिळालं की दिवस बरा जायचा.

हल्ली मात्र ताईला तो मग दिसत नसे. बारकी चालायला लागली आणि तो सॅकवर आपटला, की आवाजावरून कळायचं.

बारकी नावाचीच बारकी. पन्नाशी उलटलेली, अंगानं चांगली भरलेली, कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासण्याची नोकरी. ताई तिची सख्खी मोठी बहीण. लोकांच्या तुकड्याच्या तुकड्या डोंगरांतून नेण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता तिच्या नजरेचा मध्यभाग धूसर होत चालला होता. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ते जाण्याआधी हा लांबचा रस्ता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात चालायचा, असं ताईनं ठरवलं. तिच्या मुलीनं आकाशपाताळ एक केलं. शेवटी एकाच अटीवर गप्प बसली.

"मावशी, तू बरोबर जायचंस," ती बारकीला म्हणाली, "आणि आईला जशी नेशील तशी परत आणायचीस. बाकी मला काही ऐकायचं नाही."

बारकीनं तोंडभरून हो म्हटलं होतं. आता शेवटचे थोडे दिवस उरले होते, आणि आपण किती सहज हो म्हणालो याचं तिला रोज सकाळी आश्चर्य वाटायचं.

दोघी चालायच्या त्या ताईच्याच जुन्या नियमानं. पुढचा माणूस वाटेत काही आलं की एक शब्द टाकतो. दगड. फांदी. चिखल. मागचा तोच शब्द म्हणतो, त्याच्या मागचा तोच, असा शब्द ओळीच्या टोकापर्यंत जातो. म्हणजे कोणी ठेचकाळत नाही. गाईड नेहमी सगळ्यात शेवटी चालतो, आणि शब्द तोही मोठ्यानं म्हणतो. कुरणाचं फाटक आलं तर शेवटच्यानं सगळ्यांना पार करून द्यायचं, कडी लावायची आणि "बंद" म्हणून पुढे कळवायचं. हा "बंद" येईपर्यंत पुढच्यानं पाऊल उचलायचं नाही.

आता पुढे बारकी आणि मागे ताई. दिसत नाही तिनं मागेच असावं, म्हणजे शब्द ऐकून पाऊल टाकता येतं. बारकीला ते पटलं होतं. एकच गोष्ट तिला पहिल्यापासून गंमतशीर वाटायची.

"मी म्हटलेलं तू ऐकलंस हे कळायला तू परत म्हणतेस, ते ठीक आहे," ती एकदा म्हणाली, "पण इतक्या मोठ्यानं कशाला? तुझ्यामागे काय वरात आहे?"

"सवय," ताई म्हणाली. तिनं मान मात्र किंचित मागे वळवली होती.

२

त्या दिवशी वाट दाट झाडीतून होती. खाली पानांचा जाड थर, वर ढग उतरलेला, पाचसहा झाडांपलीकडे सगळं पांढरं.

"दगड," बारकी म्हणाली.

"दगड," मागून ताई म्हणाली.

आणि जरा वेळानं, आणखी मागून, "दगड."

बारकी तशीच चालत राहिली. प्रतिध्वनी, दुसरं काय. चार पावलांनंतर तिच्यातली दवाखान्यातली बाई जागी झाली. प्रतिध्वनीला समोर काहीतरी टणक लागतं, कडा, भिंत, निदान उघडा खडक. ओली झाडी आणि धुकं आवाज गिळून टाकतात. दवाखान्यातली तपासणीची खोली अशीच असते, चारी बाजूंनी मऊ, म्हणूनच तिथे स्वतःचा श्वासही मोठा वाटतो.

"फांदी," ती म्हणाली. फांदी होतीही.

"फांदी."

"फांदी."

दुसरा आवाज बाईचा वाटत होता, थोडा दमलेला. बारकीला भीती वाटली म्हणावं तर तसं नाही. तिला कुतूहल वाटलं, आणि कुतूहल वाटलं की तिचं डोकं पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं खोटं ठरवायच्या मागे लागायचं. रोज तिच्यापुढे माणसं बसत. कानावर यंत्र, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. निम्मी माणसं आवाज नसतानाही दाबतात. खोटं बोलत नाहीत बिचारी, वाट पाहून पाहून त्यांना ऐकूच येतं. आपलंही तेच होतंय. किती दिवस झाले, दुसऱ्या माणसाचं तोंड पाहिलं नाही.

हे कारण अगदी चोख होतं. फक्त ती कशाचीही वाट पाहत नव्हती, एवढीच त्यात खोट होती.

३

मुक्कामाची झोपडी नावाची झोपडी, तशी चांगली दुमजली दगडी इमारत होती. खाली एक लांबलचक खोली, शेगडी, बाकडी, दोऱ्यांवर वाळत घातलेले मोजे, दाराशी बुटांचं लाकडी रॅक. रखवालदार दारातच उभा होता, हातात भलामोठा डाव.

"या, या," तो म्हणाला, आणि दोघींच्या खांद्यांवरून बाहेर पाहत राहिला. "बाकीचे?"

"बाकीचे कोण?" बारकी म्हणाली.

"तुमची तुकडी. उतारावरून येताना ऐकत होतो ना मी. निसरडं, निसरडं, निसरडं... चांगली लांबलचक ओळ. मी म्हटलं आज मेलो, आणि हे मोठं पातेलं चढवलं."

"आम्ही दोघीच आहोत हो."

रखवालदार हसला. मग हसणं अर्धवट सोडून तो बाहेर वळणापर्यंत जाऊन आला. आत येताना त्यानं दार लावलं नाही.

"असू दे उघडं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "धूर होतो आत."

शेगडी धूर करत नव्हती. बारकीनं ते लक्षात घेतलं आणि कामाला लागली. ताईनं बूट काढून रॅकवर ठेवले. ते तिनं अगदी शेवटच्या कप्प्यात ठेवले. बारकीचे पहिल्या कप्प्यात होते. मधले कप्पे मोकळे.

"इकडे ठेव ना माझ्याजवळ," बारकी म्हणाली.

"गाईडचे बूट टोकाला," ताई म्हणाली. "बाकीच्यांना जागा राहते."

"बाकीच्यांना म्हणजे?"

"अगं, जुनी सवय. तू काय आता माझे बूटही तपासणार का?"

जेवताना ताई खुशीत होती. तिनं रखवालदाराशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दोनदा वाढून घेतलं. बारकीला आठवेना, इतकी मजेत ती याआधी कधी होती. डोळ्यांचं कळल्यापासून तर नाहीच.

सकाळी बूट घालताना बारकीला दिसलं की रॅकच्या मधल्या रिकाम्या कप्प्यांखालची फरशी ओली आहे. तिनं वर पाहिलं. छत कोरडं होतं. आपल्याच बुटांचं पाणी ओघळलं असेल, ती स्वतःला म्हणाली. तिच्या आणि ताईच्या बुटांखाली फरशी कोरडी ठणठणीत होती, ते तिनं स्वतःला सांगितलं नाही.

४

त्या दिवशी बारकीनं तपासणी करायचं ठरवलं. दवाखान्यात ती अशी फसवी तपासणी रोज करायची. माणसाला जे अपेक्षित नाही ते द्यायचं आणि बघायचं.

सरळ, मोकळी, साधी पायवाट होती. दगड नाही, फांदी नाही.

"चमचा," ती म्हणाली.

"चमचा?" ताई मागून म्हणाली. "काय गं, चमचा पडला का तुझा?"

बारकी हसणार होती. पण ताईचं बोलणं संपल्यावर त्याच्या मागून आवाज आला.

"चमचा."

विचारणं नव्हतं त्यात. ताईचा शब्द वर चढला होता, हा खाली टेकला. सावध करतात तसा, जपून पाय टाका म्हणतात तसा. आणि त्याच्या मागे, आणखी लांब, "चमचा." आणि त्याही मागे कुठेतरी, पुरुषाच्या आवाजात.

प्रतिध्वनी सूर बदलत नाही. बारकी घाबरली, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, शोध लागल्याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम. तिनं मागे वळून पाहिलं. ताई, तिची निळी टोपी, तिच्या मागे पायवाट, तिच्या मागे धुकं.

"ताई, आता मी शब्द टाकला तर तू काही म्हणू नकोस. गप्प राहा."

"का?"

"राहा ना."

"फांदी," बारकी म्हणाली, आणि ताई गप्प राहिली.

मागे सगळं शांत. पानावरून पाणी टपकलं तेवढंच. बारकी बराच वेळ कान देऊन उभी राहिली. कोणी काही म्हणालं नाही.

म्हणजे ते जे कोण होते, त्यांना बारकीशी काही घेणंदेणं नव्हतं. ते ताईचं ऐकत होते.

५

"मला वाटलं तुला ऐकू येत नाही," ताई म्हणाली.

दोघी एका पडलेल्या खोडावर बसल्या होत्या. ताईनं सॅक काढली नव्हती, आणि तिच्या एका बाजूला खोडावर बरीच जागा मोकळी सोडली होती.

"कधीपासून?"

"झाले आता काही दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? नजर गेली तशी हिची अक्कलपण गेली, असं तू माझ्या मुलीला कळवलं असतंस. मग गाडी आली असती मला न्यायला."

हे खरं होतं.

"कोण आहेत?" बारकीनं विचारलं.

"मला काय माहीत. मी वळून बघत नाही. बघून तरी काय दिसणार आहे मला?" ताई हसली. "सुरुवातीला घाबरले. मग वाटलं, शब्द नीट मागे देतायत, म्हणजे शिकलेली माणसं आहेत. वाट माहीत नसलेल्यांची ओळ आहे, कुणाच्या तरी मागे चालायचंय त्यांना. चालू देत. खरं सांगू का बारके, मागे कोणी असलं की बरं वाटतं. घरी बसून आता मी कुणाच्या पुढे चालणार आहे?"

बारकीनं ताईचा हात धरला. हात गरम होता, ओळखीचा होता, आणि ताई बोलता बोलता त्या मोकळ्या जागेकडे मान हलवत होती, समोरच्याचं बोलणं ऐकताना हलवतात तशी.

त्यानंतर ताई मागे पडायला लागली. बारकीनं वेग कमी केला की ताई तेवढाच कमी करायची. बारकी थांबली की ताई मागेच थांबायची, जवळ यायची नाही.

"ये ना पुढे."

"थांब गं. मागच्यांना दम लागलाय."

दर दिवशी शब्द थोडा आणखी लांबून परत येई. एकदा बारकीनं "चिखल" म्हटलं आणि उत्तर आलं, ते ताईचं की तिच्या मागच्या बाईचं, हे तिला सांगता येईना. आयुष्यभर आवाज ओळखण्यात गेलेली बाई ती. चिखलातच उभी राहिली आणि "ताई, ताई" करत मागे धावली. ताई वळणावर उभी होती, एका बाजूला सरकून, वाट देत.

जशी नेशील तशी परत आण. बारकीला आता त्या वाक्याचा खरा अर्थ कळला, ताई त्या ओळीतली एक होऊन राहता कामा नये, आणि तिला फार भीती वाटली.

६

शेवटचं फाटक डांबरी रस्त्याच्या अगदी वर होतं. खाली रस्त्याकडेला भाचीची गाडी उभी होती, धुक्यात तिचे दिवे दिसत होते. बारकी फाटकातून पार झाली, दोन पायऱ्या उतरली, आणि नियमाप्रमाणे थांबली.

ताई आली. फाटक तिनं बाहेर ढकललं, स्वतः पार झाली, आणि एका हातानं ते उघडं धरून कडेला उभी राहिली.

"ताई, कडी लाव."

"लावते. येऊ देत ना त्यांना."

"ताई, खाली पोरगी वाट बघतेय."

"शेवटचा येईपर्यंत गाईड हलत नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज तुकडीसमोरचा होता, बारकीनं कित्येक वर्षांत न ऐकलेला. "तू हो पुढे. मी येते."

फाटकाखाली उंच पायरी होती. ताईनं मोकळा हात पुढे केला, उतरणाऱ्याला आधार द्यावा तसा. बारकी पाहत होती. ताईची बोटं मिटली. मग तिचा दंड खाली ओढला गेला, कोपर ताठ झालं, आणि सॅकसकट धिप्पाड माणसाचा भार पेलावा तसा तिनं एक पाय मागे टेकवला. बोटं उघडली. पुन्हा हात पुढे. पुन्हा भार. मधूनच हलका, एखादी सडपातळ बाई असावी इतका. "पायरी," ताई प्रत्येकाला म्हणत होती, मायेनं. फाटकाजवळच्या गवतावरचं दंव एका रेषेत झडत खाली येत होतं, बारकीच्या पायापर्यंत. तिच्या बाजूनं थंडगार वारा गेला, ओल्या लोकरीच्या वासाचा. मग पुन्हा गेला.

ताईचा चेहरा उजळला होता. आणि तिच्या मागे, वरच्या धुक्यात, "पायरी, पायरी" असा शब्द जात होता. लांब, लांब, त्याला टोकच नव्हतं.

ही ओळ संपणार नाही, बारकीच्या मनात आलं. आणि ती संपेपर्यंत ताई इथून हलणार नाही.

तिनं विचार केला नाही, केला असता तर तिचं धाडस झालं नसतं. ती त्या दोन पायऱ्या चढली, अंग चोरून, कुणाला धक्का लागणार नाही अशा बेतानं, आणि फाटकातून पुन्हा आत गेली. आत धुकं होतं. अगदी जवळ कोणीतरी श्वास घेत होतं. बारकीनं त्या बाजूला पाहिलं नाही. तिनं ताईच्या मागे येऊन फाटकाच्या दांड्यावर हात ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "मी शेवटची."

ताईनं मान वळवली. कडेकडेचं तिला अजून दिसत होतं.

"तू?"

"मी. आता मी मागे आहे. गाईड मागे असतो ना? मग तू हो पुढे."

ताई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिचा हात फाटकावरून सुटला, आणि खांदे एकदम म्हाताऱ्या बाईचे झाले. "नीट लाव हं कडी," ती म्हणाली, आणि पायरी चाचपत उतरली.

बारकी तिच्या मागोमाग बाहेर आली, फाटक लोटलं आणि कडी बसवली. लोखंड बर्फासारखं होतं.

"बंद," ती म्हणाली.

"बंद," ताई म्हणाली. आणि खाली रस्त्याकडे, गाडीच्याही पलीकडे, शब्द पुढे पुढे जात विरून गेला.

७

भाची धावत वर आली होती. तिनं आईला मिठी मारली, मावशीलाही मारली, आणि रडत रडतच दोघींना ओरडली. मग आईचा हात धरून ती खाली उतरायला लागली. बारकी आपल्या सॅकवर आपटणारा मग हातानं धरून मागून निघाली. ती दमली होती, पण काम फत्ते झालं होतं. आणली तिनं, जशी नेली तशी.

"पायरी, आई," भाची म्हणाली.

"पायरी," ताई म्हणाली.

"पायरी," बारकी म्हणाली. तिच्यामागे कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं. तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं की ती थांबली आहे, कान मागे लावून. शेवटचा माणूस शब्द मोठ्यानं का म्हणतो, ते इतक्या वर्षांनी तिच्या लक्षात आलं. मागे कोणी नाही ना, याची खात्री करायला तो म्हणतो.

दवाखान्यात ती आवाज सोडून असंच थांबायची, समोरचा बटण दाबतो का बघत.

वर फाटकाची कडी उचलली गेली. बिजागरी करकरली. मग फाटक परत लागलं, सावकाश, शिकलेल्या माणसानं लावावं तसं, आणि कडी बसली.

"बंद," तिच्या अगदी मागे कोणीतरी म्हणालं.

पुढे भाचीनं गाडीचं दार उघडलं होतं आणि ताईला आत बसवत होती. ताईनं वळून पाहिलं नाही. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

बारकी मान खाली घालून उतरत राहिली. तिला बरं वाटत होतं, मागे कोणीतरी आहे म्हणून, अगदी ताई म्हणाली होती तसंच. त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. पुढची पायरी आली तेव्हा तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण पायरी उंच होती, आणि मागच्याला सांगायला हवं होतं.

"पायरी," ती हळूच म्हणाली.